देवळालीचा ताप

बाई, नमस्कार.

मी देवळाली कॅम्पची. माझी मोठी बहीण तुमच्या हाताखाली शिकली, मी नाही. त्यामुळे माझ्या इंग्रजीचा दोष तुमच्याकडे येत नाही. सध्या इंग्लंडच्या उत्तर भागात एका हॉस्पिटलात नर्स आहे, वृद्धांच्या वॉर्डात. येऊन दीड वर्ष झालं.

गेल्या महिन्यात सकाळच्या औषधांच्या फेरीला नव्वदीचे एक आजोबा मला म्हणाले, ‘आय’म गोइंग डूलॅली इन हिअर, लव्ह.’ मला वाटलं, आजोबा देवळालीला चाललेत. इतका आनंद झाला की ट्रॉली तिथेच सोडून मी म्हटलं, ‘देवळाली! आय’म फ्रॉम देवळाली!’ अख्खा वॉर्ड हसला. आजोबाही हसले, पार ठसका लागेपर्यंत. मग सिस्टरने सांगितलं की डूलॅली म्हणजे वेडा, डोक्याने गेलेला. आणि वर म्हणाली, ‘तू तिथली होय? मग बरोबर.’ तेव्हापासून हँडओव्हरला दोघी-तिघी मला ‘मिस डूलॅली’ म्हणतात.

रात्री घरी फोनवर सांगितलं. बाबा तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. ते भडकलेच. ‘आपल्या गावाला वेड्यांचं गाव म्हणतात आणि तू ऐकून घेतेस? लेखी तक्रार कर.’ आई म्हणाली, गप्प राहा, नोकरी सांभाळ.

हा शब्द म्हणायचा कसा? त्याचा नेमका अर्थ काय? तो खरंच आमच्या गावावरून आलाय का? आणि मी तक्रार करू की सोडून देऊ? दिवाळीची रजा नामंजूर झाल्यापासून माझंच डोकं ठिकाणावर नाही, त्यामुळे मी उगाच मनाला लावून घेतेय का, तेही कळत नाही.

– एक देवळालीकर

*

अगं, तुझं पत्र वाचून मी एकटीच खो खो हसले, ते आधी कबूल करते. मग ‘मिस डूलॅली’पाशी आले आणि हसू थांबलं. त्याबद्दल बोलूच, पण आधी शब्द. शब्द नीट हातात आला की माणसांचं काय करायचं ते ठरवणं सोपं जातं, हा माझा एकतीस वर्षं वर्गात उभं राहून झालेला समज आहे.

पहिली गोष्ट, तुझ्या कानांनी चूक केली नाही. आजोबा ‘देवळाली’च म्हणत होते. फक्त ते तिकडे निघाले नव्हते. शिक्षिकेच्या खोडीने सांगते: गावाला निघाले असते तर मध्ये ‘टू’ आला असता, ‘गोइंग टू देवळाली’. ‘टू’ नाही, म्हणजे इथे ‘गो’चा अर्थ जाणं असा नाही, होणं असा आहे, आणि तेही बहुधा वाईट होणं. दूध ‘गोज ऑफ’, माणूस ‘गोज बॉल्ड’, ‘गोज डेफ’, ‘गोज मॅड’. बरं व्हायचं असेल तर इंग्रज ‘गेट’ वापरतो, ‘गेट वेल’. आपल्याकडेही ‘जाणं’ याच कामाला जुंपलेलं आहे. तोल जातो, तडा जातो, पोरगं वाया जातं, माणूस कामातून जातो. आजोबा म्हणत होते, ‘इथे पडून पडून माझं डोकं चाललंय गं पोरी.’ उत्तर इंग्लंडातलं ‘लव्ह’ म्हणजे आपलं ‘पोरी’, ‘बाळा’. त्यात दुसरं काही शोधू नकोस.

आता उच्चार. डू-लॅ-ली. भार मधल्या ‘लॅ’वर. आपण मराठी माणसं तिन्ही अक्षरांना सारखं माप घालतो, किराणा दुकानदारासारखं, आणि तिथेच फसतो. इंग्रजाच्या तोंडी ‘टोमॅटो’तलं मधलं अक्षर जसं उभं राहतं तसं ‘लॅ’ उभं राहतं, आणि ‘डू’ घाईघाईने उरकला जातो. ‘ड’ आपल्या ‘डमरू’तल्यासारखा जड नको, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागच्या उंचवट्याला टेकवायचं, टाळूकडे वळवायचं नाही. आणि तू वॉर्डात जे म्हटलंस, दे-व-ळा-ली, तो उच्चारही शंभर टक्के बरोबर आहे. तो मूळ शब्दाचा. त्यांचा आहे तो त्या शब्दाच्या नातवाचा.

आजोबापासून नातवापर्यंत काय काय झालं ते बघ, फार गमतीचं आहे. ‘द’ दंत्य, तो त्यांच्या तोंडी नाही, त्यामुळे त्यांचा ‘डी’ आला, जो आपल्याला ‘ड’ ऐकू येतो. ‘व’ मुळातच आपल्याकडे ओला, पाघळणारा वर्ण. ‘देऊळ’ म्हणतो आणि लगेच ‘देवळात’ म्हणतो. व आणि ऊ एकमेकांच्या घरात जाऊन येऊन असतात. म्हणून साहेबाने ‘राव’चं ‘राओ’ लिहिलं आणि ‘देव’चं ‘देओ’. छावणीच्या कागदांवर ‘देओलाली’ आहे, आणि रेल्वेने स्टेशनला मात्र ‘देवलाली’ असं स्पेलिंग दिलंय. एकाच गावाची दोन सरकारी स्पेलिंगं. मग ‘देओ’ शिपायांच्या घाईत दबत दबत ‘डू’ झाला. ‘ळ’चं काय झालं हे सांगायलाच नको. आणि मधला ‘ळा’ ‘लॅ’ झाला, कारण ‘ए’ अक्षर दिसलं की इंग्रजाची जीभ आधी ‘ॅ’कडे धावते.

पण तुझ्या आजोबांनी अर्धाच वाक्प्रचार वापरला. पूर्ण आहे ‘डूलॅली टॅप’. ‘ही’ज गॉट द डूलॅली टॅप’, असं जुने शिपाई म्हणत. तू नर्स, तुला ‘टॅप’ म्हटलं की पोटातलं किंवा मणक्यातलं पाणी काढणं आठवेल. बाकीच्यांना नळ आठवतो. बऱ्याच इंग्रजांनाही वाटतं की डोक्यावर टपली बसल्यामुळे माणूस बावचळला, म्हणून टॅप. तसं नाही. वरचे सगळे नियम उलटे लाव. ‘ट’चा ‘त’ कर, ‘ॅ’चा ‘आ’ कर. काय मिळालं?

ताप.

देवळालीचा ताप. संस्कृतातून हिंदुस्तानीत, तिथून बराकीत. गोऱ्या शिपायाला हिवताप नवा नव्हता, इथल्या छावण्यांत तो पाचवीला पुजलेला होता, आणि ‘ताप’ हा शब्द त्याला हॉस्पिटलातल्या वॉर्डबॉयपासून भिश्त्यापर्यंत सगळ्यांकडून ऐकू यायचा. म्हणजे ज्या वाक्प्रचारावर अख्खा वॉर्ड तुला हसला, त्यातले दोन्ही शब्द तुझे आहेत. त्यांचं फक्त स्पेलिंग. आणि अर्थही आपल्या कानाला अजिबात परका वाटत नाही. ‘डोक्याला ताप’ आपण दिवसातून चार वेळा म्हणतो.

आता तो ताप देवळालीचाच का, हा तुझ्या बाबांच्या रागाचा मुद्दा.

तुमची छावणी 1861 च्या सुमाराला उभी राहिली. मुंबई बंदरापासून रेल्वेने सुमारे 180 किलोमीटर, कसाऱ्याचा घाट चढून वर आलं की मोकळं पठार, कोरडी हवा. विलायतेहून बोटीने आलेल्या पलटणी मुंबईच्या दमटपणात ठेवण्यापेक्षा इथे आणायच्या, हवेशी जुळवून घेऊ द्यायचं आणि मग देशभर पाठवायच्या. आणि उलट दिशेने, नोकरीची मुदत संपवून घरी निघालेले शिपाई देशभरातून इथे गोळा करायचे, बोट येईपर्यंत. त्यांना नाव होतं ‘टाइम-एक्स्पायर्ड’. आपण औषधाच्या बाटलीवर वाचतो तसलंच काहीतरी.

घोळ बोटींचा होता. सैनिकांची ने-आण करणाऱ्या बोटी वर्षभर सुटत नसत. पोर्ट्समथ ते मुंबई अशा खास बोटी 1860 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाल्या, त्यांची नावं बघ: मलबार, जमना, युफ्रेटीस, क्रोकोडाइल, सेरापिस. पण उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून भरगच्च बोट नेणं म्हणजे माणसं भाजून काढणं. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च हाच साधारण मोसम. आता विचार कर, एखाद्याची मुदत एप्रिलमध्ये संपली. कित्येक वर्षं घर पाहिलेलं नाही. सामान बांधलेलं आहे. आणि शेवटची बोट गेलेली आहे. पुढची दसरा-दिवाळीच्या सुमाराला.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक वेल्श शिपाई होता, रॉयल वेल्च फ्युझिलियर्समधला साधा प्रायव्हेट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिंदुस्थानात नोकरीला होता. 1936 साली त्याने त्या दिवसांच्या आठवणी छापल्या, ‘ओल्ड-सोल्जर साहिब’ नावाने. त्यात देवळालीबद्दल एक उतारा आहे, आणि या वाक्प्रचाराबद्दल कुणीही लिहायला बसलं की त्याच उताऱ्यापाशी येतं. तो सांगतो, की या मुदत संपलेल्या लोकांकडे बंदूक नाही, हत्यारं नाहीत. अधूनमधून किट मांडून दाखवायचं, कधीतरी लांबचं कूच करून यायचं, बाकी दिवस जाता जात नाही. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक शेरा नाही, असे नमुनेदार शिपाई तिथे काहीतरी उपद्व्याप करून बसायचे आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जायचे. काही बाजारातून नको ते रोग घेऊन हॉस्पिटलात पडायचे. कुणी विचित्र वागायला लागला की ‘याला डूलॅली टॅप झालाय’ असं म्हणायची जी पद्धत पडली, ती या छावणीतल्या कंटाळ्यापायी माणसं जशी वागत त्यावरून पडली असावी, असं तो म्हणतो. ‘असावी’ हा शब्द त्याचाच. मला तो माणूस त्यासाठी आवडतो. छातीठोकपणे ठोकून देत नाही.

मी दिलं होतं ठोकून. सांगते, तुझ्या बहिणीला आठवत असेल तर तिला विचार. आठवीच्या वर्गात एका मुलीने ‘डूलॅली’चा अर्थ विचारला, आणि मी, पंचविशीतली, नवी नवी बीएड, फळ्याकडे वळून म्हटलं, ‘सोपं आहे. आपल्या डुलण्यावरून. दारूडा डुलतो ना, तसा.’ वर्ग खूष, मी खूष. दोन दिवसांनी एका मुलीचे आजोबा काठी टेकत शाळेत आले. इंग्रजांच्या काळात छावणीच्या कँटीनमध्ये हिशेब लिहायचे ते. मला म्हणाले, ‘बाई, गोरे डूलॅली टॅप म्हणत, मी ह्या कानांनी ऐकलंय. ते आपल्या स्टेशनाचं नाव. डुलायचा काय संबंध?’ शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर. ऐकायला सारखं वाटलं म्हणून मूळ तेच, ही खोड मला तेव्हापासून सुटली. निदान बरीच सुटली.

म्हणून तुलाही सावध करते. मोबाइलवर शोधलंस तर ‘देवळालीला वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं, म्हणून हा शब्द’ असं खात्रीने लिहिलेलं सापडेल. तिथे लष्करी हॉस्पिटल होतं हे खरं. पण तिथे राहिलेल्यांना ओळखणारा जो साक्षीदार आपल्याकडे आहे, तो वेड्यांच्या इस्पितळाचं नाव काढत नाही. तो कंटाळा सांगतो, वाट पाहणं सांगतो. बाबांना हे जरूर सांग. या शब्दात वेडे झालेत ते गावकरी नाहीत. वेडे झालेत ते साहेबाचे शिपाई, घरी जाता येईना म्हणून. गावकरी त्यांना चहा, अंडी आणि पाव विकत होते आणि व्यवस्थित शुद्धीवर होते.

आणि बाबांना आणखी एक विचार, जरा हळू आवाजात. कुणी डोक्याच्या वरचं काही बोललं की ते स्वतः काय म्हणतात? ‘याला ठाण्याला नेऊन सोडा.’ पुण्याकडचे असले तर ‘येरवड्याला पाठवा.’ ठाण्यात लाखो शहाणी माणसं सकाळी लोकलला लटकून कामाला जातात, येरवड्यात पोरं इंजिनिअर होतात, तरी आपण ती नावं कशासाठी वापरतो ते सगळ्यांना कळतं. लंडनकरांनी तर स्वतःच्याच शहराचं हे केलं. तिथे 1247 साली बेथलेहेमच्या नावाने एक धर्मसंस्था निघाली, पुढे ती वेड्यांचं इस्पितळ झाली, नाव घासून ‘बेथलेम’ आणि मग ‘बेडलम’ झालं, आणि आज ‘बेडलम’ म्हणजे नुसता गोंधळ, आरडाओरडा. येशूचं जन्मगाव गं ते! त्या मानाने देवळाली स्वस्तात सुटली.

छापील कोशात हा वाक्प्रचार 1925 साली भेटतो, फ्रेझर आणि गिबन्स या दोघांनी सैनिक आणि खलाशांच्या शब्दांचा संग्रह केला होता त्यात. बोलण्यात तो अर्थातच आधीपासून होता, बराकीतले शब्द छापखान्यात उशिराच पोचतात. या कुळातली बाकीची भावंडं तुला वॉर्डात रोज भेटत असतील, ओळख करून देते. सोपी ड्यूटी ‘कुशी’ असते ना? ती आपली ‘खुशी’. ‘लेट’स हॅव अ डेको’, म्हणजे ‘देखो’. ‘चिट’ ही चिठ्ठी. ‘अ कप ऑफ चार’ हा चहा. ‘पक्का’ला ते ‘पका’सारखं म्हणतात. मुंगूस तर आपल्या मराठीतूनच गेलंय, ‘माँगूस’ होऊन, पण ते बराकीतलं नाही, त्याची गोष्ट पुन्हा केव्हातरी.

आणि ‘ब्लायटी’. हा शब्द मला डूलॅलीचा सख्खा भाऊ वाटतो. ‘विलायती’, ‘बिलायती’ यावरून शिपायांनी ‘ब्लायटी’ केलं आणि स्वतःच्या देशाला, घराला ते नाव दिलं. पहिल्या महायुद्धात खंदकात पडलेला शिपाई ‘ब्लायटी वूंड’ लागावी म्हणून देवाला साकडं घालायचा. म्हणजे जीव जाणार नाही, पण मायदेशी पाठवतील एवढी जखम. म्हणजे बघ, जिथे जायचंय त्या घरासाठी त्यांच्याकडे आपला शब्द, आणि तिथे जाता येत नाही म्हणून डोकं फिरतं त्यासाठीही आपलाच. तू आज त्यांच्या ब्लायटीत बसून देवळालीची वाट बघतेयस. दिवाळीची रजा नामंजूर झाल्याचं तू पत्राच्या शेवटच्या ओळीत, दाराआडून सांगावं तसं सांगितलंस. मला वाटतं, अख्ख्या पत्रातलं खरं दुखणं ते आहे. नवा अर्ज कर. दिवाळी नाही तर संक्रांत माग, संक्रांत नाही तर होळी. पण तारीख लेखी घे. रिचर्ड्सच्या सोबत्यांना नेमकी तीच मिळत नव्हती.

आता वापर, थोडक्यात. शब्द ब्रिटिश आहे, अमेरिकन माणसाला तू हा ऐकवलास तर तो तोंडाकडे बघत राहील. जुनाट, घरगुती, चेष्टेचा. आपल्या ‘सटकलंय’, ‘डोकं फिरलंय’, ‘चक्रम झालाय’ यांच्या पंगतीतला. स्वतःबद्दल म्हटला की सर्वांत शोभतो, ‘ड्राइव्हिंग मी डूलॅली’, म्हणजे डोकं खातोय नुसता. नामाच्या आधी फारसा येत नाही. ‘ही’ज गॉन डूलॅली’ ठीक, ‘अ डूलॅली मॅन’ कानाला खटकतं. ‘टॅप’ आजकाल गळून गेलाय. पुण्यात सुरू झालेल्या एका बिअरवाल्यांनी मात्र ‘डूलॅली’ हे नाव घेऊन आपल्या दुकानांना ‘टॅपरूम’ म्हटलं, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना दहापैकी नऊ दिले.

तुझ्या वॉर्डात मात्र जपून. तुझ्याकडे स्मृतिभ्रंशाचे पेशंट असणार. आजोबा स्वतःबद्दल डूलॅली म्हणाले तर तो त्यांचा हक्क. पण ज्याला खरंच दिवस-रात्र कळेनाशी झाली आहे, त्याच्याबद्दल किंवा त्याच्या मुलीसमोर हा शब्द काढू नकोस, आणि कुणी काढला तर हसू नकोस. आणि ते पुन्हा ‘गोइंग डूलॅली’ म्हणाले तर नुसतं गंमत म्हणून घेऊ नकोस. खिडकीजवळची खाट रिकामी झाली का, दुपारी व्हीलचेअरवर बाहेर नेता येईल का, ते बघ. त्यांना देवळालीची गोष्ट सांग. त्यांच्या पिढीला ते नाव टीव्हीवरूनही माहीत असेल. 1974 ते 1981 बीबीसीवर ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ नावाची विनोदी मालिका होती, तोफखान्याच्या देवळाली डेपोत घडणारी. चित्रीकरण इंग्लंडातलं. एका गोऱ्या नटाला तपकिरी रंग फासून भारतीय बेअरर केला होता, त्यावर पुढे बरीच टीका झाली आणि बरोबर झाली. वॉर्डात कुणी तिचा विषय काढलाच तर तुला माहीत असलेलं बरं.

तक्रारीचं. आजोबांविरुद्ध तक्रारीला जागाच नाही. सिस्टरचं ‘मग बरोबर’ हे खवचट होतं, पण एकदाच म्हटलं असेल तर माझ्या मते सोडून दे. आपण सासरी-माहेरी याहून जास्त ऐकतो आणि ऐकवतो. ‘मिस डूलॅली’ सोडू नकोस. तुला नाव आहे. हँडओव्हर म्हणजे पेशंटच्या जिवाची देवघेव, तिथे टोपणनावांना काम नाही. पहिल्यांदा साधं, उभ्या उभ्या, हसून न हसून सांग: ‘आय’ड प्रिफर यू युज्ड माय नेम, प्लीज.’ त्यात ‘सॉरी’ घालू नकोस, कारणं देऊ नकोस. आपल्या मुली ‘सॉरी’ने वाक्य सुरू करतात आणि समोरचा तिथेच ऐकणं थांबवतो. एवढ्यावर बहुतेक जणी ओशाळतील, कारण त्यांना तुझ्या गावाचा अपमान करायचा नव्हता. त्यांना ते गाव खरोखर अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हतं. तरीही चालूच राहिलं, तर कोणी, कधी, काय म्हटलं ते तारखेसकट वहीत लिही आणि वॉर्ड मॅनेजरकडे जा. तेव्हा बाबांचं ऐकायचं. तोपर्यंत आईचं. पण ‘गप्प राहा’ हे मात्र आईचंही ऐकायचं नाही.

शिवाय हसणाऱ्यांना उत्तर द्यायला तुझ्याकडे आता माल आहे. चहाच्या सुट्टीत मोबाइलवर नकाशा काढून दाखव. ही छावणी, हे स्टेशन, ही खंडोबाची टेकडी, इथे माझे बाबा तोफांच्या शाळेत होते. तुमच्या शेवटच्या पलटणीने 28 फेब्रुवारी 1948 ला मुंबईत गेटवेच्या कमानीखालून बोट धरली, आणि आम्ही अजून तिथेच राहतो. तोफांचा सराव चालू असला की आमच्या तावदानांचा खडखडाट होतो आणि आई म्हणते, कुकरची शिट्टी ऐकू नाही आली. हे ऐकल्यावर ‘डूलॅली’ म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर एक स्वयंपाकघर येईल. शब्दाचं तेवढं झालं तरी पुष्कळ.

तू ताजा कलम करून विचारलं होतंस, छापताना जागेअभावी गाळावं लागलं, की आजोबांना मूळ नाव म्हणायला शिकवायचंय, पण ‘ळ’ काही त्यांना जमेना, काय करू. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायला सांग, आणि मग ‘ल’ म्हणताना पुढे आपटू दे. नव्वदीच्या माणसाला कवळीसकट ते अवघड जाणार, ठसका लागला तर थांबव. नाहीच जमलं तर ‘देवलाली’ म्हणू दे. रेल्वेलाही अजून जमलेलं नाही.